आधी तोंडानं, मग हातानं

पारनेरला जायचे ठरले तेव्हा तिथे काय पाहायचे हे आमच्या घरात जो तो मला सांगू लागला. वडील म्हणाले, सेनापती बापटांचे जन्मगाव ते, १८८० सालचा जन्म; गावात शिरताना निदान मनातल्या मनात हात जोड. शेजारचे काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी बजावले की, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिल्याशिवाय परतायचे नाही. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या कातळात कोरलेली ती कुंडे म्हणजे निसर्गाची सुतारकी आहे. सौभाग्यवतींनी राळेगणसिद्धीचे नाव काढले आणि येताना गावरान मूग आणायला सांगितले. या सगळ्यांना मी एकच उत्तर दिले, "मी वाजवणं ऐकायला चाललो आहे."

घरात क्षणभर शांतता पसरली. मग वहिनी म्हणाल्या, "भावोजी, गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात तुमचं पोट भरलं नाही वाटतं?"

वहिनींच्या प्रश्नाला थोडी धार होती, आणि तिचे कारण म्हणजे त्यांचा दहा वर्षांचा चिरंजीव, माझा पुतण्या. त्याला तबल्याच्या क्लासला घालून तीन महिने झाले होते. नवीन जोडी विकत आणून तिच्यावर झालर लावलेली गवसणीसुद्धा शिवून झाली होती. पण गुरुजींनी त्याला तबल्याला हात म्हणून लावू दिला नव्हता. तो मांडी घालून बसायचा, एका हाताने टाळी द्यायचा आणि तोंडाने "धा धिं धिं धा" म्हणायचा. बस्स! "फी तबल्याची घेतात आणि शिकवतात बाराखडी," ही वहिनींची तक्रार रोज संध्याकाळी चहाबरोबर ऐकायला मिळे.

ही हकीकत मी कचेरीत सांगितली तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा एक सहकारी मोठ्याने हसला. हा गृहस्थ पारनेर तालुक्यातला. पाऊस कमी आणि जमीन हलकी, त्यामुळे त्या भागातली पुष्कळ माणसे पुण्यामुंबईला पोटामागे आली, त्यांतलाच एक. तो म्हणाला, "अहो, यात नवल काय? आमच्याकडं आधी तोंडानं, मग हातानं. पौषी पौर्णिमेला चला गावाकडं. पोरालाही घ्या. तीन दिवसांत तीन तऱ्हेचं वाजप ऐकवतो."

म्हणून पौषात एका थंडगार सकाळी आम्ही तिघे निघालो. पुतण्याने क्लासची वही बरोबर घेतली होती. तिच्यात तबल्याचे चित्रसुद्धा नव्हते, नुसती अक्षरे.

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले की शिरूरपर्यंतचा प्रवास कारखाने आणि मालमोटारी बघण्यात जातो. घोड नदी ओलांडली की मुलूख बदलतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण बसचा कंडक्टर आणि आमचा मित्र दोघेही "नगर" असेच म्हणत होते. सुप्याला मोठा रस्ता सोडला आणि पारनेरच्या बाजूला वळलो. दोन्ही अंगांना माळ, मधूनच ज्वारीची पट्टी, तासलेल्यासारखे सपाट माथ्याचे डोंगर. गाव पाहण्यात मी फार वेळ घालवला नाही. बाजारपेठेतून चक्कर मारली, सेनापतींना मनोमन नमस्कार केला, गरम भजी खाल्ली आणि उन्हे कलताना पिंपळनेर गाठले.

पिंपळनेर हे निळोबारायांचे गाव. तुकोबांना गुरू मानून ज्यांनी अभंग रचले ते हे निळोबा. त्यांची समाधी इथेच आहे आणि आषाढीला इथूनही पंढरीला पालखी जाते. त्या गावी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा हरिपाठाची वेळ होत आली होती. एका ओसरीवर सहा-सात मुले रांगेने बसली होती आणि त्यांच्यासमोर एकच पखवाज होता. सहा मुलांत एक पखवाज! पुतण्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. इथेही वाद्य लांबच होते.

शिकवणारे बुवा आळंदीला राहून शिकलेले. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून तिथे शिकलेली माणसे आपापल्या गावी परतून असे छोटे-छोटे वर्ग चालवतात. बुवांनी आधी परातीतली कणीक मळायला घेतली. मला वाटले, पाहुणे आले म्हणून पोळ्यांची तयारी चालली आहे! पण त्यांनी त्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, अंगठ्याने कडा सारख्या केल्या आणि एक थाप मारली. ओसरीच्या खांबाला टेकलेल्या माझ्या पाठीत ती थाप पोचली. उजव्या तोंडावरची काळी शाई कायमची असते. डावीकडची कणीक मात्र दरवेळी लावायची आणि वाजवून झाले की खरवडून काढायची.

"म्हणा," बुवा म्हणाले. आणि मुलांनी एका सुरात चौताल म्हटला: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. एकदा, दोनदा, दहादा. बुवा पखवाज वाजवीत नव्हते, नुसते मुलांच्या तोंडाकडे बघत होते. एका मुलाचा "तिट" जरा पुढे पळाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. "जीभ घसरली. जी जिभंवर घसरली ती बोटावर पडणारच. पुन्हा."

हरिपाठाला अजून अवकाश होता, म्हणून मी विचारले, "बुवा, हे अक्षर असंच का? ता च्या जागी का ठेवलं नाही?"

बुवांनी उत्तर तोंडाने दिले नाही. उजव्या हाताने कडेवर एक आघात केला: ता. मग तोच आघात आणि त्याच क्षणी डाव्या हाताची थाप कणकेवर: धा. पुन्हा ता, पुन्हा धा. "डावं अंग बोललं की धा," ते म्हणाले, "गप बसलं की ता. आता तुम्हीच म्हणून बघा."

वाचकहो, तुम्हीही म्हणून पाहा. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून आधी "ता" म्हणा आणि मग "धा". "धा" म्हणताना बोटाला आधीच कंप लागतो. "ता"च्या वेळी तो उशिरा, स्वर आल्यावर लागतो. शाळेत व्याकरणाच्या तासाला घोष आणि अघोष वर्ण म्हणून जे पाठ केले होते ते हेच. तबल्याच्या त्रितालात तिसऱ्या भागात डग्गा मुका होतो, त्याला खाली म्हणतात. आणि तिथे तोंडातली "धिं" आपोआप "तिं" होते. डग्ग्याचा आवाज जातो त्याच क्षणी अक्षरातला घोषही जातो. हे अक्षर कोणी लहरीने ठेवलेले नाही. ज्याने ठेवले त्याने एक कान वाद्यावर आणि एक बोट गळ्यावर ठेवले असले पाहिजे.

२००३ साली सान दिएगोच्या अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हरसन या दोन संशोधकांनी तबल्याचे बोल आणि तबल्याचे आघात यंत्रावर ताडून पाहिले, आणि तबला अजिबात न जाणणाऱ्या परदेशी माणसांनाही कोणत्या आघाताला कोणता बोल हे अंदाजाने बऱ्यापैकी जुळवता आले. मला हे वाचून आनंद झाला होता. बुवांना सांगितले तेव्हा त्यांनी "असंल की" एवढेच म्हटले आणि कणकेवर पाण्याचा हात फिरवला.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात चामड्याच्या वाद्यांची सोळा अक्षरे दिली आहेत, क-ख पासून र-ल-ह पर्यंत. पुढे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला तो देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाला राहून, म्हणजे आपल्या याच पठारावर. त्यातही वाद्यांच्या पाटाक्षरांचा पसारा आहे. आणि कथा तर त्याहून मोठी. शंकराचे तांडव संपले, त्याने चौदा वेळा डमरू वाजवला, आणि त्या चौदा नादांतून पाणिनीला चौदा सूत्रे मिळाली. त्यांवर साऱ्या संस्कृत व्याकरणाची इमारत उभी राहिली. कथा खरी मानायची गरज नाही. पण अक्षर आधी की वाद्य आधी, असा प्रश्न पडल्यावर आपल्या पूर्वजांनी वाद्याच्या बाजूने कौल दिला, ही गोष्ट मला वहिनींना ऐकवण्यासारखी वाटली.

दुसरे असे की, नगारा किंवा ढोल यांच्यावर नुसता दणका निघतो. तबल्या-पखवाजावर मात्र सुरेल, वेगवेगळी अक्षरे उमटतात. याचे मर्म त्या काळ्या शाईत आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर हे दाखवून दिले की, मधोमध बसवलेल्या या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराशी तारेच्या वाद्यांसारखे जुळून येतात. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ घोटून थरावर थर देणाऱ्या कारागिराने हे रामनांच्या कितीतरी आधी कानाने शोधून काढले होते.

हरिपाठ सुरू झाला. टाळ उभे राहिले, पखवाज घुमू लागला आणि ती सहा मुले, ज्यांना अजून पखवाज मिळाला नव्हता, मांडीवर बोटे नाचवीत ओठांतल्या ओठांत बोल म्हणत होती. पुतण्याचीही बोटे चालू झाली.

दुसऱ्या दिवशी पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची यात्रा. पौषी पौर्णिमा म्हणजे तिथे माणसांचा पूर. मानाच्या काठ्या, उधळलेला भंडारा, पिवळे झालेले रस्ते आणि पिवळी झालेली माणसे. वाघ्याच्या हातातली दिमडी इतकी लहान की तळहातावर मावावी, पण तिचा आवाज माणसांच्या गर्दीला भेदून येत होता. यात्रेचे वर्णन मी करीत बसत नाही. ज्याने जेजुरी पाहिली आहे त्याला कल्पना येईल, आणि ज्याने पाहिली नाही त्याने प्रत्यक्ष जावे. सांगायचे एवढेच की, तिथे पुतण्याने मला विचारले, "काका, आफ्रिकेत ढोलावरून निरोप पाठवतात म्हणे. मग आपले ढोल का नाही बोलत?"

प्रश्न चांगला होता. काँगो नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लोकेले लोकांचे ढोल खरोखरच बोलत. जॉन कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने तिथे वर्षानुवर्षे राहून ती भाषा शिकून घेतली आणि १९४९ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तो ढोल कातड्याचा नव्हे. लाकडाचा ओंडका पोखरून केलेला, एका ओठातून उंच आणि दुसऱ्यातून खालचा सूर देणारा. त्यांची भाषाच अशी की, शब्द उंच-खाली सुरांत म्हटला तर अर्थ बदलतो. ढोल ते सूर तेवढे वाजवतो. पण सारख्या सुरांचे शब्द पुष्कळ, म्हणून नुसते "चंद्र" वाजवून भागत नाही. पृथ्वीकडे खाली पाहणारा चंद्र, असे लांबण लावून सांगावे लागते. आपल्या मराठीत सुरावर अर्थ ठरत नाही, म्हणून आपला ढोल आपले शब्द उच्चारू शकत नाही. मी पुतण्याला म्हटले, "त्यांचा ढोल माणसाची भाषा बोलतो. आपल्याकडे उलटं आहे. माणूस ढोलाची भाषा बोलतो."

माझे हे वाक्य मला फारच आवडले होते. आमचा मित्र मात्र म्हणाला, "थांबा राव. उद्या आमच्या गावातली हलगी ऐका, मग बोला."

मित्राचे गाव कोरठणहून फार लांब नाही. गावाचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ती माणसे आपली नावे छापून यावीत अशा मताची नाहीत. हलगीवाले आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे. अंगणात चार काटक्या पेटवून त्यांनी हलगी शेकायला धरली होती. थंडीत कातडे सैल पडते. ते आचेवर धरून ताणून घ्यावे लागते. मधूनमधून बोटाने टिचकी मारून ते कान देत आणि पुन्हा आचेवर धरीत. हलगी म्हणजे एक उथळ कडे आणि त्यावर ताणलेले कातडे, एवढेच. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. शाई नाही, कणीक नाही, डग्गा नाही.

मित्राने आम्हाला पाठीमागच्या खोलीत नेऊन बसवले आणि आजोबांना सांगितले, "बाबा, वाजवा कायबी. मी वळखतो."

आजोबांनी वाजवले. मित्र खोलीतून ओरडला, "लगीन! नवरदेव पारावर निघाला." चाल बदलली. "कुस्ती. अजून खडाखडीच चाललीय... आता पट काढला!" आजोबा हसले असावेत. मग हलगी एकदम संथ झाली, दोन आघातांमध्ये मोठी पोकळी राहू लागली, आणि मित्राने काही म्हटले नाही. आत चुलीपाशी बसलेल्या म्हातारीने पदर डोक्यावर ओढून घेतला. माझ्या पुतण्यालाही विचारावे लागले नाही की ही चाल कशाची.

म्हणजे माझ्या सुंदर वाक्याचे तिथेच दोन तुकडे झाले. गावातल्या माणसाला शिवारात काम करताना हलगी ऐकून कळे की, वरात निघाली, की कोणी गेले, की चावडीपुढे दवंडी पिटली जाणार आहे. दवंडीत तर वाटणीच ठरलेली: हलगीने "ऐका" एवढेच म्हणायचे आणि काय ऐकायचे ते तोंडाने सांगायचे.

"तुम्ही शिकलात कुणाकडे?" मी विचारले.

"बापाकडं. शिकवायला कोण बसतंय? त्यो फुडं, मी मागं. रस्त्यानं चालता चालता त्यो तोंडानं म्हनायचा, मी टिपरू हानायचं. चुकलं की त्यो मागं वळून बघायचा न्हाई, नुसता थांबायचा." मग त्यांनी बापाचे बोल म्हणून दाखवले. ते मी इथे देऊ शकत नाही. त्यात काही अक्षरे अशी होती की, ती कोणत्याही छापखान्याच्या खणात सापडायची नाहीत. टाळूवर जीभ आपटून आणि गालात हवा दाबून ती काढलेली होती.

आता पुतण्याची पाळी आली. आजोबा म्हणाले, "बाळ, तुझं म्हन की." त्याने टाळी देऊन त्रिताल म्हटला. आजोबांनी एकदा ऐकले, दुसऱ्यांदा टिपरू लावले. "धा"चा भरदारपणा आणायला त्यांच्याजवळ डग्गा नव्हता; त्यांनी टिपरू मधोमध टाकले आणि घुमू दिले. खालीची जागा आली तेव्हा काडीच्या हाताची बोटे कातड्याला टेकवून आवाज दाबला. खाली म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पोराची "धिं" जाऊन "तिं" आली एवढेच त्यांनी ऐकले होते.

"बाबा," आमचा मित्र गहिवरून म्हणाला, "ही कला टिकली पाहिजे. तुम्ही तुमच्या पोराला का शिकवली नाही?"

आजोबांचे चिरंजीव तेवढ्यात शाळेतून सायकल घेऊन आले होते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. गावातली माणसे त्यांना गुरुजी म्हणतात. आमचा मित्रही म्हणतो, जरी दोघे एका वर्गात होते. सायकल भिंतीला लावून ते शांतपणे म्हणाले, "मी सांगतो. आबांनी शिकवली नाही, आणि मी शिकलो नाही. दोन्ही ठरवून."

मित्र गप्प झाला. गुरुजी पुढे म्हणाले, "तुझ्या पाहुण्यांच्या पोरानं तबला घेतला तर ती कला. मी हलगी घेतली असती तर ती जात. माझ्या आज्याला लग्नात वाजवायला बोलवायचे. पंगत बसली की तो बाहेर. गावात कुणी मेलं की रात्री-अपरात्री हाक. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण तो हक्क नव्हता, काम होतं, आणि ते जन्मानं लागलेलं. असलं शिक्षण पोराला द्यायचं का?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. गावगाड्यात हलगी महार आणि मातंग समाजांच्या खांद्यावर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला आपल्या माणसांना अपमानाची कामे टाकायला सांगितले, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ती कनिष्ठ वतने कायद्याने संपायला मात्र १९५८ साल उजाडले. त्या काळात पुष्कळ घरांतली हलगी खुंटीवरून उतरली ती पुन्हा चढली नाही. काहींनी ती फोडून टाकली. पाटी-पुस्तक घरात आले आणि हलगी बाहेर गेली, आणि हा सौदा ज्यांनी केला त्यांनी तो डोळे उघडे ठेवून केला. दुसरीकडे, अण्णा भाऊ साठ्यांसारख्या शाहिराने याच वाद्यांच्या साथीने लोकनाट्य उभे केले आणि ज्यांच्या पंगतीबाहेर आपल्याला बसवले त्यांनाच समोर बसवून ऐकवले. दोन्ही वाटा खऱ्या. पुण्यात आरामखुर्चीत बसून "कला मरते आहे" म्हणून हळहळणे सोपे. ती जगवायची तर कोणाच्या पोराच्या जिवावर, हे विचारल्याशिवाय ती हळहळ पुरी होत नाही असे मला वाटते.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि हलगी पुन्हा आचेवर धरली. "शिकवली न्हाई," ते म्हणाले, "पर त्यो घरातच वाढला. कानाला कुलूप थोडंच घालता येतंय? भाकरी थापतानाबी ह्याची आई चुकीच्या ठेक्यात थापायला लागली की ह्यो हसायचा." गुरुजीही हसले, आणि वातावरण निवळले.

मग गुरुजींनी आम्हाला दुसऱ्या दिवशी शाळेत यायचे आमंत्रण दिले. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आले होते आणि मुलांचे लेझीम बसवायचे होते. आजवर लेझमीला ध्वनिमुद्रित संगीत लावीत. यंदा गुरुजींनी वडिलांना बोलावले होते, पण अटी घालून. वडील खुर्चीवर बसतील. मुले त्यांना "सर" म्हणतील. फळ्यावर पाहुणे शिक्षक म्हणून त्यांचे नाव लिहिले जाईल. आणि हलगी ते एकट्याच कोणा समाजाच्या मुलांना नाही, सगळ्या वर्गाला शिकवतील. या अटी मुख्याध्यापकांनी मान्य केल्या होत्या. आजोबांनाच त्यांतली खुर्ची तेवढी पसंत नव्हती, कारण बसून हलगी नीट वाजत नाही.

सकाळी मैदानावर चाळीसएक मुले-मुली लेझमी घेऊन उभी राहिली. आजोबा खुर्चीपुढे उभे राहिले. ज्याने लेझीम पाहिले आहे त्याला ठाऊक असेल की, ओळीला हुकूम तोंडाने देता येत नाही. त्या खणखणाटात कोण ऐकणार? हुकूम हलगी देते. चाल बदलायच्या आधी ती एक तुकडा वाजवते, म्हणजे "सावध", मग दुसरा, म्हणजे "बसा", मग "वळा". पहिल्यांदा निम्मी मुले वळली आणि निम्मी बसली. आजोबांनी टिपरू थांबवले. मागे वळून बघितले नाही, रागावले नाही, नुसते थांबले. पुन्हा सुरू केले. चौथ्या वेळी सगळी ओळ एका झटक्यात वळली. एक शब्दही न बोलता चाळीस मुलांनी पाव तासात चार वाक्ये पाठ केली होती. पुतण्या कुणाची तरी लेझीम मिळवून शेवटच्या रांगेत शिरला होता, आणि मला तो सापडायला वेळ लागला.

मधल्या सुट्टीनंतर सगळे वर्गात बसले. गुरुजींनी खडू घेतला. "आता सरांचे बोल आपण लिहून घेऊ," ते म्हणाले. "आजपर्यंत ते कुणी लिहिलेले नाहीत."

आजोबा एकेक आघात वाजवीत, मग तोंडाने म्हणत, आणि गुरुजी लिहीत. दोन-चार अक्षरे सुरळीत उतरली. मग काडी आणि टिपरू जवळजवळ एकत्र पडतात असा एक आघात आला. गुरुजींनी लिहिले. आजोबा म्हणाले, "काय लिहिलंस?"

"कड."

"न्हाई. मला वाचाया येत न्हाई, पर त्यात 'ड' न्हाई. 'ड' जड हुतो."

गुरुजींनी पुसून "कट" लिहिले आणि वाचून दाखवले. आजोबांनी मान हलवली. "ह्यो तर मोडला." पोरे आपापल्या परीने जिभा वाकड्या करून आवाज काढू लागली. वर्गात असा काही गलबला झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मग त्याही करून बघू लागल्या. कोणी "कर्र" म्हटले, कोणी "कल्ल". पुतण्याने आपल्या वहीतले "किट" सुचवले, आजोबांनी ते वाजवून दाखवले आणि म्हणाले, "बाळ, हे तुझं झालं. आमचं न्हाई."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ हात वर करून बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "सर, ळ."

गुरुजींनी फळ्यावर "कळ्ळ" लिहिले आणि मोठ्याने वाचले. भरताच्या सोळा अक्षरांत हा "ळ" नाही. आजोबांनी एकदा वाजवले, मान तिरकी करून ऐकले, पुन्हा वाजवले.

"ऱ्हाऊ द्या तूर्त," ते म्हणाले. "जवळ आलंय."